ठाण्यात नवीन आलात? कपडे आणि हस्तकलेच्या वस्तू अशा घ्या

ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला कपड्यांसाठी सगळे आधी मॉलचाच रस्ता दाखवतात. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं राहून जुन्या बाजारातल्या जांभळी नाक्याच्या गल्लीत पाऊल न टाकलेली घरं आहेत. मॉलला माझा विरोध नाही. पण साडी, खणाचं कापड, मुलांचे सणाचे कपडे, भिंतीवर लावायचं वारली चित्र, गोधडी, टोपल्या असं काही हवं असेल तर जुन्या ठाण्यातच उतरावं लागतं, आणि तिथे कसं वागायचं, काय पाहायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भाव विचारण्याआधी विचारा: हे कशाचं आहे आणि कोणी केलंय? उत्तर यंत्रमागाचं, ठोक बाजारातून आणलेलं असं आलं तर खुशाल घासाघीस करा. हातानं केलेलं असेल आणि करणारा माणूस समोर बसलेला असेल, तर हिशेब पूर्ण वेगळा होतो.

निघण्याआधी

यादी करा, आणि यादीत मापं लिहा. पडद्याचं कापड घ्यायचं असेल तर खिडकीची उंची-रुंदी, चादर घ्यायची असेल तर पलंगाची लांबी-रुंदी. ब्लाउज शिवायला टाकायचा असेल तर अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज पिशवीत ठेवा. शिंपीकाका तोंडी मापापेक्षा त्या ब्लाउजवर जास्त विश्वास ठेवतात.

ताग्यावरचं कापड घेणार असाल तर ‘पन्हा’ म्हणजे कापडाची रुंदी, हे लक्षात ठेवा. मीटरचा भाव ऐकून स्वस्त वाटलेलं कापड ३६ इंच पन्ह्याचं निघालं की जास्त मीटर लागतं आणि स्वस्ताई तिथेच संपते. साधारण ४४ इंची पन्ह्यात मोठ्या माणसाच्या बाह्यांच्या कुर्त्याला अडीच मीटर धरा, ब्लाउजला ८० सेंटिमीटर ते एक मीटर. अंगकाठी मोठी असेल किंवा कापडावर एकाच दिशेची नक्षी असेल तर थोडं वाढवा. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, ब्लाउजपीस जोडलेला असेल तर त्याचं कापड वेगळं मोजायचं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. काही साड्यांमध्ये ब्लाउजपीस साडीच्याच लांबीतून काढलेला असतो, म्हणून ‘ब्लाउजपीस सोडून साडी किती भरते?’ असं स्पष्ट विचारावं.

कापडी पिशव्या घेऊन जा, दोन तरी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि दुकानदाराने दिलेली पातळ कागदी पिशवी पावसाळ्यात स्टेशनपर्यंत टिकत नाही. यूपीआय आता हातगाडीवरही चालतं, तरी पन्नास-शंभरच्या नोटा जवळ असाव्यात. गर्दीत नेटवर्क अडकलं की ठरलेला सौदा उगाच लांबतो.

वेळेचं म्हणाल तर सकाळी अकरा ते एक ही सगळ्यात चांगली. दुकानदार निवांत असतो, कापड उलगडून दाखवायचा कंटाळा करत नाही, आणि रंग उजेडात पाहता येतो. जुन्या दुकानांपैकी काही दुपारी जेवणासाठी बंद असतात. साप्ताहिक सुट्टीही दुकानागणिक वेगळी असते, तेव्हा एका विशिष्ट दुकानासाठी लांबून येणार असाल तर आधी फोन करा. संध्याकाळी सहानंतर स्टेशनचा सगळा परिसर घरी परतणाऱ्यांनी भरून जातो. त्या गर्दीत हातात चार पिशव्या घेऊन लोकल पकडणं नवख्याला झेपत नाही.

शक्य असेल तर पाहण्याचा दिवस आणि घेण्याचा दिवस वेगळा ठेवा. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, भाव विचारा, एकही वस्तू घेऊ नका. हे लग्नाच्या बस्त्याला तर करावंच.

कुठे काय मिळतं

ठाणे स्टेशनला पश्चिमेकडे बाहेर पडा. पूर्वेला, म्हणजे कोपरीकडेही दुकानं आहेत, पण या लेखातला बाजार पश्चिमेचा. स्टेशनपासून मासुंदा तलावापर्यंत, म्हणजे तलावपाळीपर्यंत, चालत दहा मिनिटं पुरतात. रिक्षा करू नका. एक तर जवळचं भाडं घ्यायला रिक्षावाले नाखूश असतात, आणि दुसरं म्हणजे खरेदीची निम्मी ठिकाणं याच वाटेवर आहेत.

जांभळी नाका हा जुना बाजार. कौपिनेश्वराचं देऊळ इथेच, तलावाच्या काठाला. किराणा, फुलं, पूजेचं सामान, भांडी आणि त्यांच्या मधेमधे कापडाची दुकानं अशी दाटी आहे. रोजच्या वापराचे कपडे, गाऊन, परकर, टॉवेल, चादरी, मुलांचे कपडे यासाठी मी इथेच जा म्हणेन. सणासुदीला रांगोळी, पणत्या, कंदील, तोरणं इथे जितकी मिळतात तितकी नौपाड्यात मिळणार नाहीत. बुरुडांनी विणलेली सुपं, परड्या, टोपल्याही याच भागात शोधा. रस्ते अरुंद आहेत, दुचाकी मधूनच घुसतात, म्हणून लहान मुलांना घेऊन येऊ नका. पिशवी पुढे छातीशी धरा.

गोखले रोड आणि त्याला जवळजवळ समांतर जाणारा राम मारुती रोड हा नौपाड्याचा बाजार. साड्यांची मोठी दुकानं, तयार कपड्यांची दालनं, सराफ, चपलांची दुकानं इथे आहेत. भाव जांभळी नाक्यापेक्षा चढे असतात, पण बदलून देणं, फॉल-पिको करून देणं, दुरुस्ती अशी सेवाही मिळते. लग्नकार्याची, मानपानाची खरेदी एकाच ठिकाणी उरकायची असेल तर हाच भाग बरा. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड नटूनथटून आलेल्या तरुण मुलामुलींनी फुलून जातो, त्या सकाळी खरेदीला मात्र येऊ नका.

तिसरं ठिकाण म्हणजे प्रदर्शनं. गावदेवी मैदान, खारकर आळीतला सीकेपी हॉल, घंटाळीचं सहयोग मंदिर अशा ठिकाणी साड्या, हातमाग, घरगुती उद्योग यांची प्रदर्शनं लागतात. रस्त्यावरचे फलक आणि वर्तमानपत्राची स्थानिक पुरवणी यांवर लक्ष ठेवायचं. ग्रामीण बचत गटांच्या वस्तूंसाठी ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस हे मोठं प्रदर्शन आहे. मुंबई परिसरात ते भरलं की वेळ काढून जावं.

आणि हस्तकलेचीच हौस असेल तर नवी मुंबईला जा. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. देशभरातले कारागीर तिथे वेगवेगळ्या मेळ्यांत आपला माल घेऊन बसतात. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाच्या गाड्या ९ आणि १० नंबरच्या बाजूच्या फलाटांवरून सुटतात. नवख्यांची चूक इथेच होते: तुर्भ्यानंतर हा मार्ग फुटतो. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगर, नेरूळ, सीवूड्स करत बेलापूरला जाते. फलकावर पनवेल लिहिलेली गाडी पकडा, बेलापूरला उतरा आणि तिथून रिक्षा करा. जाण्याआधी मेळा चालू आहे का, एवढं पाहून घ्या. दोन मेळ्यांच्या मधल्या दिवसांत गेलात तर फेरी वाया जाईल.

वाशीला सेक्टर १७ मध्ये शोरूम आहेत आणि सेक्टर ९-१० च्या बाजूला छोट्या दुकानांचा बाजार. तयार कपड्यांना ठीक, हस्तकलेसाठी मुद्दाम जावं असं नाही.

कापड हातात घेतल्यावर

दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली मोरपंखी आणि निळा, मरून आणि तपकिरी हे रंग फसवतात. ‘जरा दारात नेऊन पाहते’ म्हणा. चांगला दुकानदार स्वतःच साडी उचलून दाराशी येतो.

मग कापड मुठीत दाबा आणि सोडा. सुती कापडाला सुरकुत्या पडतात. पडल्याच नाहीत तर त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं आहे किंवा वर रसायनाची प्रक्रिया केलेली आहे. हे वाईट असं नाही, इस्त्रीचा त्रास वाचतो. पण ठाण्याच्या मे महिन्यात घामाला पॉलिएस्टर नको होतं, आणि सुतीचे पैसे मोजून ते घेण्यात तर काहीच अर्थ नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापडाचा कोपरा चोळून पाहा, रंग जाणार असेल तर तिथेच कळतं. शिवलेला कपडा असेल तर उलटा करा: शिवणीत दाब किती सोडलाय, टाके सुटलेत का, अस्तर कशाचं आहे. लहान मुलांच्या जरीच्या झग्यांना आतून अस्तर नसेल तर घेऊ नका, मूल तासाभरात अंग खाजवायला लागतं.

छापाच्या कापडाची पारख सोपी आहे. लाकडी ठशाने हाताने छापलेल्या कापडात दोन ठशांच्या जोडावर किंचित फरक दिसतो, एखादी ओळ केसभर सरकलेली असते, कुठे रंग गडद तर कुठे फिका. मीटरभर कापड पाहून एकही फरक सापडला नाही तर ते यंत्राचं किंवा स्क्रीनचं. बांधणीत प्रत्येक ठिपका वेगळा बांधलेला असल्याने ठिपके जरा वेडेवाकडे आणि कापड चुणीदार असतं. सपाट आणि एकसारखे ठिपके म्हणजे बांधणीचा नुसता छाप. इकत उलट्या बाजूनेही जवळजवळ तितकंच गडद दिसलं पाहिजे, कारण तिथे सूत आधी रंगवून मग विणतात. उलटी बाजू फिकी असेल तर नक्षी वरून छापलेली आहे.

भिवंडी आपल्याच जिल्ह्यात आहे, यंत्रमागांचं शहर. तिथलं आणि इतर ठिकाणचं यंत्रमागाचं कापड आपण सगळे रोज वापरतो, त्यात कमीपणा नाही. ते हातमागाचं म्हणून विकलं जातं तेव्हा मात्र दोघांवर अन्याय होतो: जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकावर आणि दिवसभर मागावर बसूनही माल न खपणाऱ्या विणकरावर. तेव्हा हातमाग म्हटलं की हँडलूम मार्कचं लेबल मागा. रेशीम म्हटलं की सिल्क मार्क. या दोन खुणांत लोक नेहमी गोंधळ करतात. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, साडी हातमागावर विणली की यंत्रावर हे तो सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा पाहावा लागतो.

पैठणी

बाहेरून आलेल्या प्रत्येकीला ठाण्यात आल्यावर कधी ना कधी पैठणी घ्यायची असते, आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिच्यातच होते. म्हणून इथे जरा थांबते.

पैठणीचं मूळ गाव पैठण. आज विणकामाचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यातलं येवला. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी लहान लहान कांड्यांवर वेगवेगळ्या रंगांचं रेशीम घेऊन, धागा धाग्यात अडकवत हाताने भरतात. म्हणून पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. दुकानात गेल्यावर पहिलं काम हेच करा: साडीची घडी उलगडायला सांगा आणि पदराची उलटी बाजू बघा. मागे आडवे मोकळे धागे दिसले, किंवा ते झाकायला जाळीचं कापड लावलेलं असलं, तर तो पदर हाताने भरलेला नाही, साडी बहुधा यंत्रमागाची आहे.

‘सेमी पैठणी’ या नावाने जे विकलं जातं ते बहुधा यंत्रमागाचं आणि मिश्र धाग्याचं असतं. दिसायला देखणं असतं, हळदीकुंकवाला, ऑफिसच्या समारंभाला अगदी चालतं, आणि दुकानदाराने सेमी म्हणूनच विकलं तर त्याची काही चूक नाही. दोन-तीन हजारांत हातमागाची शुद्ध रेशमी पैठणी मात्र मिळत नाही. कोणी देतो म्हणाला तर ‘सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क दोन्ही दाखवा’ एवढंच म्हणा. पदरावर मोर, मुनिया (पोपट), कमळ, असावली (फुलांची वेल) असं काय आहे, काठ नारळी आहे का, हे विचारलं की विकणाऱ्याला गिऱ्हाईक जाणकार आहे असं वाटतं आणि तोही नीट बोलायला लागतो. जरीची तार कशाची आहे हेही विचारा. पूर्वी सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची जर असायची, आता बऱ्याच साड्यांत तांब्यावरची किंवा त्याहून हलकी जर असते. किमतीत मोठा फरक तिथूनही पडतो.

रेशमाची खात्री करायची असेल तर पदराच्या गोंड्यातला एखादा धागा मागून घ्या आणि घरी, मोरीत उभं राहून जाळा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. सुताला कागद जळाल्याचा वास. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हा प्रयोग दुकानात करू नका, आजूबाजूला सगळं कापडच असतं.

खणाच्या साड्या आणि कुर्ते गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसायला लागलेत. मूळ खण म्हणजे चोळीचं कापड, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचं. पन्हा लहान असतो, म्हणून अस्सल खणाचा कुर्ता शिवताना जोड द्यावे लागतात. सहावारी साडीभर सलग ‘खण’ दिसला तर तो त्या नक्षीचा यंत्रमागावरचा नवा अवतार आहे एवढं समजून घ्या आणि आवडला तर जरूर घ्या.

वारली, बोहाड्याचे मुखवटे, गोधडी

वारली चित्र हे ठाणेकरांच्या घरचंच म्हणायचं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तोवर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे सगळे ठाणे जिल्ह्याचे तालुके होते. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे चौकोनी नक्षी, लिहितात आणि त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेण्यात डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांचा वाटा फार मोठा. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

आता बाजारात वारली नक्षी उशीच्या अभ्र्यांपासून चहाच्या कपांपर्यंत सगळीकडे असते. त्यातलं बरंचसं छापलेलं आहे आणि वारली माणसाच्या हाती त्यातून काहीच जात नाही. हातचं चित्र ओळखायला ते तिरकं धरून उजेडात बघा. पांढऱ्या रंगाच्या रेघा किंचित उठावदार दिसतात, जाडी कमीजास्त होते, तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाच्या फेऱ्यातली दोन माणसं कधी हुबेहूब सारखी नसतात. छापात मात्र तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो. चित्रावर सही आणि गावाचं नाव आहे का पाहा. नसेल तर विचारा: कोणी काढलं, कुठलं गाव? चित्रकार स्वतः असेल तर चित्रात काय चाललंय तेही विचारा. पेरणी, लग्न, देव, मासेमारी, झाडावर चढलेला ताडीवाला, सगळं तो सांगेल, आणि ते ऐकल्यावर चित्र निवडणं सोपं होतं. चित्र गुंडाळून नेणार असाल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, घट्ट गुंडाळलं तर रंगाला तडे जातात.

जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवादिकांचे मोठे मुखवटे घालून नाचतात. कागदाच्या लगद्याचे असे लहान मुखवटे कधीकधी प्रदर्शनांत दिसतात. दिसले तर सोडू नका, नेहमी मिळत नाहीत. फक्त ते दमट भिंतीवर लावू नका, लगद्याला ओल धरते.

हाताने शिवलेली गोधडी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. बचत गटांच्या प्रदर्शनात बायका गोधड्या घेऊन बसतात, आणि चांगली शिकली-सवरलेली गिऱ्हाइकं त्यांच्याशी भाजीसारखा भाव करतात. जरा हिशेब करा. रोजची कामं सांभाळून दिवसाला दोन तास धरले आणि गोधडीला महिना लागला, तर साठ तास झाले. दोन हजारांना ती विकली तर तासाला तेहेतीस रुपये पडतात, आणि त्यात कापड-दोऱ्याचा खर्च अजून धरलेला नाही. त्यातून आणखी पाचशे कमी करा म्हणायला जीभ कशी वळते, मला खरंच कळत नाही. गोधडी घेताना टाक्यांच्या ओळी जवळजवळ आहेत का, कडा दुमडून पक्क्या शिवल्यात का आणि आत काय भरलंय ते बघा. नव्या कापडाची आहे की जुन्या लुगड्यांची, हेही विचारा. जुन्या लुगड्यांची गोधडी जास्त मऊ असते.

कोल्हापुरी चपला घ्यायच्या तर पायात घालून चाला. चामडं वापराने सैल पडतं, म्हणून पहिल्या दिवशी जरा घट्टच असावी, पण अंगठ्याला रुतत असेल तर नको. कातड्याचा वास आला पाहिजे. पट्ट्या आणि वेण्या कातडी दोऱ्यांनी शिवलेल्या असाव्यात. पावसाळ्यात घालायची असेल तर घेऊच नका.

भाव कसा करायचा

‘एकच भाव’ अशी पाटी असलेल्या दुकानात घासाघीस करू नका. फार तर चार साड्या घेतल्यावर फॉल-पिको फुकट करून मागा, तेवढं बहुतेक देतात.

रस्त्यावरच्या आणि पाटी नसलेल्या दुकानांत आधी तीन ठिकाणी त्याच वस्तूचा भाव विचारून घ्या. मग जिथे माल आवडला तिथे परत जा. बोलणं साधारण असं होतं:

‘दादा, याचे द्यायचे किती?’
‘सांगायचे सहाशे, ताई. तुम्हाला पाचशेला देतो.’
‘पुढे साडेचारशेला सांगितलाय. प्रत्येकी चारशे लावा, दोन घेते.’
‘चारशेला परवडत नाही ताई, भवानीची वेळ आहे म्हणून सव्वाचारशे करा.’

इथे थांबायचं. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, परत जाऊ नये अशी विक्रेत्यांची भावना असते, त्यामुळे सकाळी भाव जरा लवकर जमतो. त्याचा गैरफायदा मात्र घेऊ नये. आपण सांगितलेल्या भावाला तो ‘घ्या’ म्हणाला की वस्तू घ्यायलाच हवी. भाव ठरवून पाठ फिरवणं हे बाजारात फार वाईट समजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. घ्यायचं नसेल तर आकडा तोंडातून काढू नका. मराठी येत नसेल तर मोडकीतोडकी बोला, ‘काका’, ‘मावशी’ म्हणा. मोठ्या वयाच्या भाजीवाल्या किंवा टोपलीवाल्या बाईला ‘ए बाई’ अशी हाक कधी मारू नका.

कारागीर समोर असेल तर काय करायचं ते वर आलंच आहे: भाव न पाडता घ्या किंवा नमस्कार करून पुढे जा. तीन-चार वस्तू एकदम घेत असाल तर ‘मिळून किती द्यायचे?’ असं एकदा विचारायला हरकत नाही. तो म्हणेल ते मान्य करा. प्रदर्शनात व्यापारीही कारागिरांच्या रांगेत बसतात, त्यामुळे समोरचा खरा कोण हे कळायला काम कसं करतात ते विचारा. खरा कारागीर हाताने करून दाखवायला लागतो. अनेकांकडे केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाचं ‘पहचान’ ओळखपत्रही असतं. त्यांचा फोन नंबर मागून घ्या, पुढच्या वेळी थेट मागवता येईल.

भाव केव्हा उतरतात? आषाढात. लग्नसराई संपलेली असते, श्रावणाचे सण यायचे असतात, दुकानांवर आषाढ सेलच्या पाट्या लागतात. गणपती ते दिवाळी या दिवसांत कोणी कमी करत नाही. संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस काळ्या साड्यांना मागणी असते, तेव्हा काळी साडी हवी तर ती मार्गशीर्षातच घेऊन ठेवा. सेलमध्ये घेताना डाग, फाटलेली कड, एकाच साडीत बदललेला रंग हे नीट तपासा, कारण अशा मालाला कोपऱ्यात टाकून तिथेच विकतात.

पावती

पक्की पावती मागा. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल’ असं काही जण सांगतात. छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, वर वेगळा कर लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या एका नगाची किंमत अडीच हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के आहे. बिलावर हे ताडून पाहता येतं. महागाच्या साडीच्या बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम’ असं लिहून घ्या. नुसतं ‘साडी – १ नग’ लिहिलेल्या बिलाचा पुढे काही उपयोग होत नाही.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या दिवसांत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेतला पाहिजे. लक्षात घ्या, हे सदोष मालापुरतं आहे. घरी गेल्यावर रंग आवडला नाही, सासूबाईंना पसंत पडला नाही, यासाठी बदलून देणं दुकानदाराच्या मर्जीवर असतं, म्हणून ते घेतानाच विचारून ठेवा. प्रकरण चिघळलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करताना बिलाचा फोटो आणि दोष दिसेल असा कपड्याचा फोटो जवळ ठेवा.

घरी आणल्यावर

ताग्यावरचं सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर शिंप्याला बोल लावून उपयोग नाही. गडद रंगाचा कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळा, गार पाण्यात धुवा.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मऊ सुती कापडात, जुन्या धुवट धोतरात गुंडाळा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या जागी मोडा, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटाला आतून ओल येते, तेव्हा श्रावणात एखादी उघडीप मिळाली की साड्या बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर टाका. बांबूच्या टोपल्यांनाही त्याच दिवशी ऊन दाखवा, बुरशी धरत नाही. कापडावरचं वारली चित्र धुऊ नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि थेट ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावा.